पेडलवरचा पाय

खानापूरकडच्या अण्णांनी मला सांभाळलं, हे आधी सांगतो. घडलेलं आधी सांगितलं की लोक तेवढंच ऐकतात आणि माणूस राहून जातो.

नववीत शाळा सोडून मी चंदगडहून गोव्यात डिचोलीच्या एका कारखान्यात लागलो. पत्रा कापायच्या प्रेसवर आम्ही दोघं. अण्णा पत्रा आत सरकवून हात बाहेर घ्यायचे, मग मी पायानं पेडल दाबायचो. हात वाचावा म्हणून असलेली जाळी, काम अडतं म्हणून काढून ठेवलेली होती. दिवसभर तोच ठोका. त्यावर मी रॅप म्हणायला लागलो. तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर मुंबईच्या वस्त्यांतली, पंजाबातली पोरं रॅप करताना दिसायची. कपडे आमच्यासारखेच, भाषा घरातली. मला वाटलं, इथं दहावीचा दाखला कोण विचारत नाही. चार ठोक्यांची ओळ, चौथ्याला पेडल. अण्णांना ते इतकं अंगवळणी पडलं की ते प्रेसकडे बघायचेच नाहीत, माझ्या शब्दांवर हात काढायचे.

रविवारी हरमलच्या किनाऱ्यावर पोरं गोल करून उभी राहायची आणि एकेक जण मध्ये येऊन म्हणायचा, बहुतेक कोकणीत. दोन रविवार मी नुसता ऐकत होतो. तिसऱ्याला माझ्या मराठीत तोंड उघडलं तर एक जण म्हणाला, "आमची मराठी नाटकांतली, तुजी घाटावयली." घाटावरची म्हणून सगळे हसले, पण परत म्हणायला लावलं. त्या भरात मी पुढच्या रविवारी दुप्पट वेगाचं कडवं म्हणून दाखवतो असं बोलून बसलो.

शुक्रवारी सकाळी तेच कडवं प्रेसवर घोकत होतो. जीभ भरभर गेली, तिच्या मागोमाग पाय गेला. अण्णांचा हात अजून आत होता.

दोन बोटं गेली.

इस्पितळात सुपरवायझरनं मला खाटेसमोर उभं केलं आणि हा गात होता काय, असं अण्णांना विचारलं. कामावर गाणं बंद होतं. मला काढायला तेवढं पुरे होतं. गावाकडं आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर. मी खाली बघत राहिलो.

"हा गप होता," अण्णा म्हणाले. "माझंच ध्यान नव्हतं."

तो गेल्यावर मी त्यांचे पाय धरले. त्यांनी दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "गाणं चांगलं होतं, लेका. जरा भरभर झालं."

कागदावर त्यांचा निष्काळजीपणा लिहिला गेला. महिन्याभरानं, तुम्हाला जमेल असं काम नाही, असं सांगून त्यांना गावी धाडलं. मी त्याच पेडलवर आहे. तोंड मिटून काम करतो. समोरच्याचा हात बाहेर आला की नाही ते दोनदा बघतो.

हरमलला मात्र गेलो, उशिरानं. जायला नको होतं काय, अजून कळत नाही. कडवं पुरं म्हटलं, पोरांनी ओरडून दाद दिली. एकानं काढलेला व्हिडिओ फिरत फिरत अण्णांपर्यंत पोचला. त्यांचा फोन आला, आता बरोबर बसलंय म्हणाले. मागून वहिनी बोलत होत्या, "दुसऱ्यांची गाणी ऐकत बसा. तेव्हा ध्यान ठेवलं असतं तर बोटं राहिली असती."

फोन वहिनींना द्या, एवढंच म्हणायचं होतं. ठेवतो म्हणालो.

एक दिवस त्यांच्या गावी जाईन. वहिनींसमोर बसून सांगेन की अण्णांचं ध्यान होतं, चुकलो मी. अण्णा मध्ये पडतील, हा खोटं बोलतोय म्हणतील. तरी सांगेन.