म्हाताऱ्याचं नरडं

आक्काचा पुढचा एक दात अर्धा आहे. तो कसा तुटला असं कुणी विचारलं, की ती त्या माणसाला आधी खालपासून वरपर्यंत न्याहाळते, आणि माणूस पसंत पडला तरच सांगते की धाकट्याने पाना फेकून मारला होता. धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. त्याच्या कपाळावरचा व्रण आपला, हेही ती लगेच सांगून टाकते. ऐकणाऱ्याला वाटावं, भावंडांनी एकमेकांना दागिने घडवून दिलेत.

त्या घरात तोंडापेक्षा हातच जास्त चालायचे, आणि ही शिकवणी बापाची. बापाची टोचनची गाडी होती. बंद पडलेली, खड्ड्यात गेलेली, एकमेकांत घुसलेली वाहनं ओढून आणायची, हा त्याचा धंदा. दिवसभर लोखंडाशी झटायचं आणि संध्याकाळी घरी येऊन तोच हात पोरांवर चालवायचा. आई लवकर वारली होती, त्यामुळे मध्ये पडायला कुणी नव्हतं.

गाडी जुनी, डिझेलची, मागे विंच बसवलेली. विंच म्हणजे पोलादी वायर गुंडाळणारा ड्रम, इंजिनाच्याच जोरावर फिरणारा. अवघड काम आलं, की निघण्याआधी बाप इंजिनात तेलाचा एक डबा जादा ओतायचा, खुणेपर्यंत तेल भरलेलं असलं तरी. ओझं उचलणाऱ्याचं नरडं आधी ओलं करावं असं त्याचं म्हणणं, आणि स्वतःच्या बाबतीतही तो हा नियम काटेकोर पाळायचा.

धाकटा शाळेत असतानाची गोष्ट. आदल्या दिवशी त्याने बापाचा सणसणीत मार खाल्ला होता. सकाळी सकाळी तो भिजवलेलं गोणपाट घेऊन गाडीवर चढला. केबिनच्या मागे हवेचा पाइप उभा होता, इंजिन त्यातून श्वास घेतं. त्याच्यावरची पत्र्याची टोपी काढून पोराने आत गोणपाट कोंबलं. हवा तोडली की डिझेलचं इंजिन गप्प होतं, हे त्याने बापाच्याच तोंडून ऐकलं होतं. खाली उतरला तर समोर आक्का उभी. तो एवढंच म्हणाला, "आक्का, बाबांना सांगू नकोस."

गाडी सुरू होईना, तसा बाप पट्टा काढून दोघांसमोर उभा राहिला. आक्का घाबरली, आणि तिने सांगून टाकलं. मग बापाने धाकट्याचा डावा हात असा पिरगळला, की हाड मोडल्याचा आवाज तिने दाराआडून ऐकला. तो हात जोडला गेला, पण कोपरात पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. पुढे भावंडांनी एकमेकांची टाळकी फोडली, दात पाडले, शेलक्या शिव्यांची देवाणघेवाण केली. पण या एका गोष्टीवर दोघांपैकी कुणीही कधी तोंड उघडलं नाही.

बाप मेला आणि गाडीचं नाव म्हातारा पडलं. ते कुणी ठरवून ठेवलं नाही. ती तशीच खोकायची, तशीच गुरगुरायची, आणि सकाळी उठवली की अंगणभर काळा धूर ओकायची. आक्का स्टिअरिंगवर बसली ती उठलीच नाही. लग्नाचं विचारायला आलेल्या एकाने गाडी विकायची अट घातली, त्याला तिने त्याच्याच स्कूटरसकट आकडा लावून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन सोडलं. धाकट्याने मात्र स्वतःसाठी पेट्रोलचा छोटा ट्रक घेतला. सकाळी तो त्याच ट्रकने कारखान्यात कामाला जायचा आणि सुट्टीच्या दिवशी हलक्या गाड्या ओढायचा.

आता एका अंगणात डिझेल आणि पेट्रोल म्हटल्यावर जेवणं कशी व्हायची ते विचारूच नका. धाकट्याचं म्हणणं, रोज कामावर जायला डिझेल कशाला? इंजिन तापेपर्यंत माणूस पोचलेला असतो, आणि तेवढ्यात अर्ध्या वस्तीच्या छातीत काजळी गेलेली असते. आक्का म्हणायची, तुझी गाडी म्हणजे शिवणयंत्र. आवाज नाही, धूर नाही आणि दमही नाही. मागे ओझं लावलं की टाकीचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. तिचं डिझेल हळू चालतानाही ओढतं आणि तेवढ्याच इंधनात लांब जातं. दोघांचंही खरं होतं. तेच तर दुखणं होतं. एकाचं जरी खोटं असतं तर ताटं तरी शाबूत राहिली असती.

मिस्त्रीने आक्काला एकदा बजावलं होतं, की तेल जास्त ओतू नकोस. जास्तीचं तेल हवेच्या वाटेने आत गेलं, की इंजिन तेच जाळायला लागतं, मग डिझेल बंद करा नाहीतर चावी काढा, ते ऐकत नाही, फुटेपर्यंत पळतं. आक्काने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबांनी जन्मभर ओतलं, काय झालं? मिस्त्री शहाणा माणूस, त्याने हात पुसले आणि चहा मागवला.

शेजारी एक मास्तरीणबाई राहायच्या. त्यांची दोरीवरची पांढरी कापडं दुपारपर्यंत राखाडी व्हायची, आणि त्यांचा मुलगा रात्रभर खोकायचा. त्यांनी अर्ज केले, हात जोडले, शेवटी आक्काच्या तोंडावर झाडू उगारला. मग शहराने नियम काढला, की पहिल्या तारखेपासून इतकी जुनी डिझेलची वाहनं रस्त्यावर दिसता कामा नयेत. मास्तरीणबाईंनी तो नियम आक्काला खिडकीतून मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

धाकट्याने याच संधीचा फायदा घेतला. बहिणीला न विचारता भंगारवाल्याला अंगणात आणलं. भंगारवाला टायरला लाथ मारून किंमत करत होता, तेवढ्यात आक्का पहार घेऊन आली. तो कुंपणावरून पसार झाला, चप्पल मात्र इथेच राहिली. मग भावंडं जुंपली. तिने त्याचं डोकं मडगार्डवर आपटलं, त्याने तिचे केस धरून तिला चिखलात लोळवलं, तिने त्याचा अंगठा चावला आणि सोडेना. शेवटी मास्तरीणबाईंनी वरून बादलीभर पाणी ओतलं. रक्ताची थुंकी टाकत धाकटा म्हणाला, की तो मेला तरी तू त्यालाच कवटाळून बसलीयेस. गाडीबद्दल बोलतोय की बापाबद्दल, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. त्यानंतर त्यांचं बोलणं बंद झालं.

आठवडा उलटला असेल. सुट्टीच्या सकाळी धाकट्याला बोलावणं आलं, शहराबाहेरच्या चढावर एक बस रस्ता सोडून खड्ड्यात गेली होती. आपला ट्रक काय करू शकतो हे दाखवायची त्याला खुमखुमी होतीच. त्याने साखळी लावली आणि अॅक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, रबराचा धूर निघाला, इंजिन किंचाळलं, बस हलली नाही. त्याने पुन्हा दाबला. साखळी तुटली आणि तिचा तुकडा मागची काच फोडून त्याच्या कानाजवळून गेला. कानाची पाळी फाटली. मानेवरून रक्त वाहत असताना त्याने फोन काढला आणि आठवड्यात पहिल्यांदा बहिणीशी बोलला. म्हणाला, म्हाताऱ्याला घेऊन ये.

आक्काला किती आनंद झाला म्हणून सांगू. नियम लागू होऊन गेला होता, तिला पर्वा नव्हती. तिने इंजिनात तेलाचा डबा जादा ओतला, काम अवघड म्हणून दुसराही ओतला, आणि मास्तरीणबाईंच्या खिडकीखाली मुद्दाम एकदा इंजिन गुरगुरवून निघाली.

चढावर पोचल्यावर तिने भावाच्या कानाकडे पाहिलं आणि चिंधी पुढे केली. त्याने ती घेतली. बसला वायर लावली, आणि वायर तुटलीच तर उसळून कुणाला चिरू नये म्हणून तिच्यावर रिवाजाप्रमाणे जाड गोणपाट टाकलं. धाकटा हातमोजा चढवून विंचशेजारी उभा राहिला. ड्रमवर वायर सरळ बसावी म्हणून ती हाताने लावत राहायची, ही बापाची पद्धत. मिस्त्री या पद्धतीलाही शिव्या घालायचा.

म्हाताऱ्याने ओढायला सुरुवात केली. बस करकरली, चिखलातून वर आली. प्रवासी बॅगा सांभाळत टाळ्या वाजवायला लागले. आक्काने मागच्या खिडकीतून भावाकडे पाहिलं, आणि काय सांगावं, तो चक्क हसला.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढला. आक्काचा पाय अॅक्सिलरेटरवर नव्हता, तरी चढला. नळीतून पांढरानिळा धूर फुटला, ड्रम गरगरा फिरला, आणि धाकट्याचा उजवा हात हातमोज्यासकट वायरखाली गेला. त्याची किंकाळी ऐकून आक्काने क्लच दाबला. विंच थांबला. तिने चावी फिरवली, उपटून काढली. इंजिन थांबलं नाही. म्हातारा पिसाळला होता. तिनेच पाजलेलं तेल पिऊन पिसाळला होता.

आता तिची गोची समजून घ्या. एरवी असं झालं तर वरचा गिअर टाकायचा, ब्रेक दाबायचा, क्लच सोडायचा, की इंजिन गुदमरून मरतं. तिला ते येत होतं. पण क्लच सोडला तर इंजिन मरायच्या आधी ड्रम फिरणार, आणि ड्रमवर भावाचा हात होता. विंचला इंजिनापासून सोडवायचा दांडा ताणाखाली अडकून बसायचा, बाहेरून घणाचा ठोका दिल्याशिवाय सुटायचा नाही. बाहेर पडायचं तर क्लचवरचा पाय उचलावा लागणार. आणि इंजिन तिच्याच सीटखाली होतं. ओझं सुटल्यावर ते आणखी वेड्यासारखं पळायला लागलं, काचा थरथरून गळून पडल्या, तिच्या पायाखालचा पत्रा तापला. दार उघडं होतं. बघे, बसचा ड्रायव्हर, सगळे पळाले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आक्का क्लच दाबून बसून राहिली. बापासमोर ती एवढा वेळ कधी टिकली नव्हती.

मागे वळून तिने भावाकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता, आणि वायरवरचं गोणपाट त्याच्या पायाशी होतं. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "गोणपाट!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हवेच्या पाइपाकडे पाहिलं. तो होता हाताच्या अंतरावर, पण मोकळा हात डावा, बापाने मोडलेला, सरळ न होणारा. गोणपाट त्याने पायाने वर ओढलं, दातात धरलं, मुठीने पाइपाची टोपी उडवली. गोणपाट आत कोंबायला मात्र हात वीतभर कमी पडत होता. तेव्हा त्याने अडकलेल्या हाताची फिकीर सोडली आणि सगळं अंग पाइपाकडे झोकलं. उजव्या हातात काहीतरी फाटलं. गोणपाट पाइपात गेलं, इंजिनाने ते हिसडा मारून आत ओढलं, उरलेल्या फटीवर त्याने छाती दाबून धरली आणि डोळे मिटून शिव्या देत राहिला, बापाचं नाव घेऊन.

म्हातारा घुसमटला. खोकला, एकदा जोरात हादरला, आणि बंद पडला.

आक्का उतरली, घण उचलला आणि दांड्यावर घातला. ड्रम उलटा फिरला, बस धाडकन खड्ड्यात परत बसली, हात सुटला. दोन बोटं हातमोज्यातच राहिली. तिने स्वतःच्या ओढणीने त्याचं मनगट आवळलं आणि त्याला उचलून त्याच्या ट्रकमध्ये बसवलं. म्हातारा चढावरच राहिला. पुढे भंगारवाला, तोच चप्पलवाला, त्याला कापून घेऊन गेला, तेव्हा ती बघायलाही गेली नाही.

धाकट्याचा ट्रक तिने आयुष्यात पहिल्यांदाच चालवला. चालू आहे की बंद, तेच तिला कळेना, इतका गप्प. दोनदा तिने उगाचच चावी फिरवून पाहिली. म्हाताऱ्यात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, म्हणून त्या घरात सगळेच ओरडत. इथे धाकट्याचं दात कडकडणंसुद्धा ऐकू येत होतं. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं, डोळे अर्धे मिटलेले. तो अगदी हळू बोलला. हळू म्हणजे इतकं, की डिझेल असतं तर तिला ते कधीच ऐकू आलं नसतं.

"आक्का, बाबांना सांगू नकोस."

तिने रस्त्यावरची नजर हलवली नाही. रडू येत होतं तरी वेग कमी केला नाही.

"नाही सांगत," ती म्हणाली. "या वेळी नाही सांगत."