लोकरीत बांधलेला नंबर

माझा पहिला मोबाइल माझ्या शिलाईच्या कमाईचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत पुढं कित्येक दिवस लोक माझ्या नवऱ्याला विचारायचे, काय हो, वहिनींना फोन घेऊन दिला म्हणे. तो बिचारा वाळूजच्या कंपनीतून दमून आलेला असायचा, हो म्हणून मोकळा व्हायचा. मी आतून मशीन थांबवून सांगायचे, घेऊन दिला नाही, माझा मी घेतला. फॉल-पिको करून, ब्लाउज शिवून, लोकांनी दुसरीकडं बिघडवून आणलेली मापं उसवून परत शिवून घेतला.

बटणांचा साधा फोन होता. डोक्याला टॉर्च. खणाचा एक तुकडा उरला होता, त्याचा मी बटवा शिवला आणि फोन गळ्यात अडकवला. भाजीला गेले तरी गळ्यात, पाणी भरायला गेले तरी गळ्यात. शेजारीण म्हणायची, मंगळसूत्र दिसेना झालंय तुझं. मी म्हणायचे, ते सगळ्यांकडं आहे. तोरा म्हणा, माज म्हणा, होता तो होता. अजूनही मला त्याची लाज वाटत नाही.

आणि तोऱ्याला कारणही होतं. त्या वर्षी शहर वाढत होतं आणि पाणी आटत होतं, दोन्ही एकदमच. समोरच्या मोकळ्या प्लॉटांवर रोज कुणाच्या तरी घराचा पाया खोदला जायचा, आणि आमच्या बोअरमधून नुसती हवा यायची. नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. टँकरवाल्याला बोलवायचं तर गल्लीतल्या बायका माझ्या दारात यायच्या. टँकरवाला माझा आवाज ओळखायचा आणि उगाच मस्करी न करता किती वाजता येतो ते सांगायचा. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी आपापल्या पाहुण्यांना माझाच नंबर देऊन ठेवला होता. कुणाच्या भावाचा फोन आला की मी जिन्यावरून हाक मारायचे आणि बाई ओल्या हातांनी पळत यायची. थोडक्यात, गल्लीत माझा शब्द चालायचा.

माहेरी मात्र या फोनची किंमत शून्य. आमचं माहेर सोयगावकडचं, मेंढरंवाल्या धनगराचं. दिवाळी झाली की कळप बाहेर पडतो तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिरत राहतो. शेतकरी आपल्या मोकळ्या वावरात रात्रभर मेंढ्या बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं, आणि त्याच्या बदल्यात धान्य देतात. कळप कुठल्या वाटेनं न्यायचा, कुणाच्या वावरात बसवायचा, हे ठरवतो कळपाचा कारभारी. आमच्या कळपाचे कारभारी माझे वडील, आबा. बाईनं घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कोकरं सांभाळायची, तीन दगडांवर भाकरी थापायची. वाट विचारायची नाही. माझ्या मायनं जन्मात कधी विचारली नव्हती.

त्या दिवाळीला मी फोन घेऊन माहेरी गेले. आबांनी तो तळहातावर घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, ह्याला चारा काय लागतो. मी म्हटलं, वीज. तर म्हणाले, मग हा आपल्याकडं जगायचा नाय. सगळं बिऱ्हाड हसलं. मी त्यांना तसलाच एक फोन घेऊन देते म्हणत होते, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही. मग मी हट्टच धरला, फोन राहू द्या, निदान माझा नंबर तरी सोबत ठेवा, रस्त्यात कुठं फोनचा बूथ दिसला तर लावता येईल.

आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांच्या कमरेला कायम लोकरीचा पांढरा दोरा असायचा. एका वावरात जितक्या रात्री मेंढ्या बसल्या तितक्या गाठी. वावर बदललं की मध्ये काळ्या लोकरीचा झुपका. वर्षाच्या शेवटी तो दोरा बोटांतून सरकवत ते कुणाकडं किती रात्री बसलो ते सांगायचे, आणि शेतकरीही ते मानायचे. माझा नंबर त्यांनी तसाच बांधला. मी आकडा सांगायचा, त्यांनी तेवढ्या गाठी मारायच्या आणि वर काळा झुपका लावायचा.

माझ्या नंबरात मध्येच एक शून्य आहे. ते आलं तेव्हा आबा थांबले. शून्य म्हंजे किती, असं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी हं केलं, काळा झुपका तेवढा लावला आणि पुढचा आकडा सांग म्हणाले. नंबर पुरा झाल्यावर मी त्यांच्याकडून एवढं कबूल करून घेतलं, की घाट उतरून खानदेशात जायच्या आधी एकदा फोन करायचा. ते म्हणाले, बघू. आबांचं बघू म्हणजे नाही नसतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. संक्रांतीपर्यंत आमच्याकडच्या डोंगरांवर वाळलेलं गवतही उरलं नाही. माझ्याकडं शिवायला येणाऱ्या बायकांचे पाहुणे खानदेशातही होते, तेही सांगत होते की घाटाखाली माणसांनाच टँकर लागलाय, जनावरांचं विचारू नका. आबा मात्र दरवर्षीच्या सवयीनं तिकडंच निघालेले. एकदा कळप घाट उतरला की उपाशी मेंढ्या परत वर चढत नाहीत. हे कळायला धनगरच असावं लागत नाही, पण धनगराच्या लेकीचा त्यानं जास्त थरकाप होतो.

अशात एक दिवस बिडकीनची माझी एक नेहमीची गिऱ्हाईक आली. बोलता बोलता म्हणाली, भावाची कपाशी वेचून झालीय, हिरवा पाला तसाच उभाय, पाटाच्या कडेला विहीर आहे, अजून पाणी धरून आहे, मेंढ्या बसवायच्यात पण कळप मिळेना. माझं मशीन तिथंच थांबलं. तिच्याकडून भावाचा नंबर घेतला आणि तिच्यासमोरच लावला. पलीकडून त्या माणसानं सगळं ऐकलं आणि विचारलं, घरात कुणी माणूस आहे का बोलायला. मी म्हटलं, मीच माणूस आहे, बोला. तो जरा गडबडला, मग हसला, मग नीट बोलायला लागला. बीडकडचा एक कळपवाला त्यालाही विचारत होता. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत तुमचा कळप निघाला एवढं कळवा, मग मी दुसऱ्याला जागा देत नाही, असं म्हणाला. मी शब्द दिला.

शब्द दिल्यावर ध्यानात आलं की मी काय करून बसलेय. ज्या आबांनी मायला कधी वाट विचारली नाही, त्यांची वाट मी परस्पर ठरवली होती. आणि ती त्यांना सांगायची कशी? माझ्या फोनवर लोकांचे दुबईचे फोन येत होते, पण कन्नडच्या रानात कुठंतरी चाललेल्या माझ्या बापापर्यंत तो पोचत नव्हता. नवरा त्याच्या सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल घेऊन गेला, गावोगाव विचारत फिरला. त्याला एका बांधाला तीन दगड आणि थंड राख सापडली, कळप पुढं गेलेला.

मग मी नुसती वाट बघत बसले. आमच्या घरात रेंज नीट यायची नाही, गच्चीवर टाकीच्या कोपऱ्यात यायची. म्हणून मी मशीन गच्चीवर नेलं आणि उन्हात छत्री बांधून शिवत बसले. लोडशेडिंगमुळं बॅटरी जपून वापरायचे, म्हणून कुणाचा फोन आला की पटकन बोला म्हणून दटावायचे. टॉर्च तर मी लावायचाच बंद केला. गल्ली म्हणायला लागली, हिला काय झालंय. जीव टांगणीला लागला होता, दुसरं काय होणार. बिडकीनच्या माणसानं मध्ये एकदा विचारलं, निघाला का कळप. मी म्हटलं, बाजाराच्या दिवशी सांगते.

तिकडं काय घडत होतं ते मला मायनं नंतर सांगितलं. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावात आबा बूथवर गेले होते. शब्द दिल्याप्रमाणं, मेंढ्या घाट उतरायच्या आधी. बूथवाल्यानं हसत हसत दोरा हातात घेतला, गाठी मोजत मोजत बटणं दाबली. फोनमधली बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. बूथवाल्यानं पुन्हा मोजलं आणि सांगितलं, बाबा, एक आकडा कमी भरतोय, पोरीनं नंबर चुकीचा सांगितलाय. आबांनी दोरा कमरेला खोचला आणि घाटाकडं चालायला लागले. माय मागून एवढंच म्हणाली की तिचं माप आजवर कधी चुकलेलं नाय. आबा चालतच राहिले.

पण चालताना त्यांची बोटं त्या दोऱ्यावरून फिरत होती. गाठी, झुपका, गाठी, झुपका. एका ठिकाणी झुपक्याला लागूनच झुपका होता. ते तिथं थांबले, परत मागून सुरू केलं, परत तिथंच थांबले. ज्या रात्री मेंढ्या कुठं बसल्या नाहीत तिची गाठ त्यांनी आयुष्यात कधी मारली नव्हती, मारायची गरजच पडली नव्हती. त्यामुळं काही नाही हाही एक आकडा असतो, तोही दाबावा लागतो, हे त्यांच्या डोक्यात येणार कुठून. पण मी तो बाकीच्या आकड्यांसारखाच तोंडानं सांगितला होता, हे त्यांना आठवलं. पुढच्या मेंढ्या घाटाच्या पहिल्या वळणाला लागल्या होत्या. आबांनी हाळी देऊन कळप उभा केला, माय कोकरं घेऊन तिथंच बसली, आणि ते एकटे माघारी बूथवर गेले.

बूथवाल्याला त्यांनी दोन झुपक्यांमधली जागा दाखवली आणि म्हणाले, "हितं काही नाय. ते काही नाय बी लाव."

तो बाजाराचाच दिवस होता. मी गच्चीवर एका लग्नाच्या ब्लाउजला हुक लावत होते. फोन वाजला, नंबर कन्नडकडचा, लँडलाइनचा. उचलला तर आधी नुसती खरखर, मग आबा. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर ओरडतात तसे ते ओरडत होते, आपलं बोलणं ऐकू जातंय का याची त्यांना खात्री वाटत नव्हती. मी इतके दिवस मनात जुळवून ठेवलं होतं, खानदेशात पाणी नाही हे आधी सांगायचं, मग पाटाचं, मग विहिरीचं, मग हळूच वाट बदलायचं सुचवायचं, त्यांना राग येणार नाही अशा बेतानं. त्यातलं काहीच सांगावं लागलं नाही. कारण त्यांनी खुशाली विचारली नाही, पोरांचं विचारलं नाही.

"बोल बाय," ते म्हणाले, "मेंढ्या कुठं न्यायच्या?"

आमच्यात बाईला हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या आजीला कुणी विचारला नाही, मायला विचारला नाही. मी गच्चीवर उभी होते, एका हातात कुणाच्यातरी लग्नाचा ब्लाउज होता, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, "बिडकीनला, आबा. पाटाच्या कडेला."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. एवढंच. जागा कसली, पाणी किती, माणूस कसा, एक शब्द विचारला नाही.

कळप माघारी फिरला. मी लगेच बिडकीनला फोन लावून सांगितलं की निघालेत. चालत यायला त्यांना बरेच दिवस लागले. ते पोचल्याचं कळलं तसं मी नवऱ्याला सुट्टी टाकायला लावली आणि मोटारसायकलवर मागं बसून गेले. गळ्यात बटवा होताच.

वावरात पोचले तर मेंढ्या पाल्यात तोंड खुपसून उभ्या होत्या. त्यांच्या फासळ्या मोजता येत होत्या, पण सगळ्या उभ्या होत्या, एकही मागं राहिली नव्हती. माय विहिरीवर धुणं धूत होती, भरपूर पाण्यात, आणि मला बघून हसली. आबा बांधावर बसून लोकर कातत होते. ज्याच्याशी मी फोनवर बोलले होते तो शेतकरी त्यांच्यासमोर उभा राहून बोलत होता. अजून किती रात्री बसायचं, पुढं पाटावरच्या दुसऱ्या दोन वावरांचे मालकही विचारतायत, त्यांना काय सांगायचं, असं सगळं त्याला ठरवायचं होतं. त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, तुमच्यातला कारभारी कोण?

माझा जन्म व्हायच्या आधीपासून या प्रश्नाला आमच्या कळपात एकच उत्तर होतं. आबांनी चाती फिरवणं थांबवलं नाही, मानही वर केली नाही. कातता कातता हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

"ती काय, आत्ताच आली," ते म्हणाले. "तिला इचारा."