आमच्या कमिटीकडे कोण कसं येतं

कॉलेजात पोरं दर वर्षी बदलतात, सिलॅबस अधूनमधून बदलतो, किस्से मात्र साचत जातात. स्टाफरूममध्ये प्रत्येकाकडे आपापला साठा आहे. कुणाकडे कॉपीबहाद्दरांचा, कुणाकडे गॅदरिंगचा. माझा साठा ज्या खोलीतला आहे, तिथे सांगण्यासारखं काही घडत असेल असं कुणाला वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं.

मी भूगोल शिकवतो. आमचं कॉलेज खारघरच्या पुढे, तळोज्याच्या अलीकडे. काही वर्षांपूर्वी प्रिन्सिपल सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "कदम, तुम्हाला अंतर्गत तक्रार समितीवर घेतोय. एक पुरुष हवाय."

"मीच का, सर?"

"तुमची आजवर कुणी तक्रार केलेली नाही!"

एवढंच माझं क्वालिफिकेशन.

कॉलेजात कुणाचा लैंगिक छळ झाला तर त्याचं ऐकून घ्यायचं आणि चौकशी करायची, हे या कमिटीचं काम. तक्रार करो वा न करो, त्या माणसाला सावरायला मदत करायची, हे आमची काउन्सेलर निशा बघते. डॉक्टरकडे सोबत जाणं, पोलीस स्टेशनला सोबत जाणं, परीक्षेचं काहीतरी जमवणं, घरच्यांशी बोलणं, सगळं. आणि बाहेरच्या मेंबर म्हणून भोईर वकीलबाई. मूळच्या इथल्याच नावडं गावच्या. कोर्टात एकदम शुद्ध बोलतात, पण चिडल्या की थेट नावडं!

ज्यांचे किस्से सांगतोय त्यांना विचारून सांगतोय. काही तपशील इकडचे तिकडे केलेत. जे 'नको' म्हणाले, त्यांचे माझ्याजवळच राहणार.

*

सुरुवातीला सरांनी कमिटीला कॅन्टीनशेजारची खोली दिली. बाहेर हा एवढा बोर्ड! लाल अक्षरांत 'लैंगिक छळ तक्रार निवारण कक्ष', आणि वर ट्यूबलाइट.

अख्खी टर्म कुणी फिरकलं नाही. सर खूश. "बघा, आपल्याकडे असले प्रकारच नाहीत!"

भोईर वकीलबाई पहिल्यांदा मीटिंगला आल्या, त्या बोर्डाखालीच थांबल्या. वर बघितलं, मग कॅन्टीनकडे बघितलं.

"सर, या बोर्डाखालून आत कोन शिरंल? अख्खं कॅन्टीन वडापाव खात बगतंय! पोरगी आत गेली का बाहेर ब्रेकिंग न्यूज!"

खोली पहिल्या मजल्यावर टोकाला हलली. निशानं कॉलेजातलं हरवलं-सापडलंचं कपाट मागून घेतलं आणि तिथे ठेवलं. दारावर छोटीशी पाटी लावली, 'हरवले-सापडले आणि मदत'.

सरांना ते पटेना. "मॅडम, छत्र्या आणि तक्रारी एकत्र?"

"सर, छत्री विचारायला कुणीही येऊ शकतं."

त्याच आठवड्यात एक मुलगी आली. पाण्याची बाटली हरवली म्हणाली. निशानं कपाट उघडून दाखवलं. निळी हवी होती, मिळाली नाही. दोन दिवसांनी परत आली. आता बाटली स्टीलची झाली होती. निशानं परत कपाट उघडलं. पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी तिथेच होतो. मला राहवेना. म्हटलं, "अगं, नक्की कुठल्या रंगाची?"

निशानं माझ्याकडे असं बघितलं की मी छत्र्या मोजायला लागलो.

"बस," ती मुलीला म्हणाली. "बाटली सापडेपर्यंत चहा घेऊ."

मुलगी बसली. चहा संपवला, कप खाली ठेवला.

"मॅडम," ती म्हणाली, "बाटली नाहीये."

"माहितीये," निशा म्हणाली. आणि मी बाहेर गेलो.

*

आमच्याकडे स्वतःसाठी कुणी येतच नाही. येतात ते मैत्रिणीसाठी! 'माझ्या एका मैत्रिणीला ना, असं झालंय...' निशा कधीही 'कोण मैत्रीण?' म्हणून विचारत नाही. सगळा सल्ला त्या मैत्रिणीलाच देते. "तिला सांग, यात तिची काही चूक नाही. तिला सांग, मेसेज डिलीट करू नकोस." समोरची मुलगी मान डोलावते, निरोप पोचलेला असतो.

एकदा दोघी आल्या. एकाच वर्गातल्या, पण वेगवेगळ्या दिवशी. दोघींचं म्हणणं एकच. तळोज्याला एका कंपनीत इंटर्नशिप चालू आहे, तिथला सुपरवायझर मैत्रिणीला नको तिथे हात लावतो. दोघींनीही मैत्रिणीचं नाव सांगितलं, तेही आपणहून. पहिलीनं दुसरीचं, दुसरीनं पहिलीचं!

मी चक्रावलो. "म्हणजे खरी कोण?"

निशानं दोघींना विचारून, त्यांची तयारी आहे बघून, एकत्र बसवलं. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"तुला पण?"

"तुला पण?"

एक आधी हसली, मग रडायला लागली. दुसरीनं आधी रडून घेतलं, मग हसली. दोघींनाही वाटलं होतं, दुसरीला याची गंधवार्ता नाही, म्हणून तिचं नाव वापरायला सेफ.

भोईर वकीलबाईंनी दोघींना घेऊन कंपनी गाठली. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे असं काही होत नाही."

"होत नाय? मंग तुमच्या कंपनीत कमिटी कशाला केली? शोपीस म्हनून?"

चौकशी झाली. सुपरवायझर गेला. पोरींची इंटर्नशिप दुसऱ्या लॅबमध्ये पूर्ण झाली. हल्ली त्या दोघी फर्स्ट इयरच्या मुलींना आमच्या खोलीचा पत्ता सांगतात. कसा सांगतात? 'आमच्या एका मैत्रिणीला तिथे फार मदत झाली!'

*

स्टाफसाठी ट्रेनिंग होतं. वकीलबाई बोलत होत्या, पंखे गरगरत होते, मागच्या रांगेत दोघं डुलत होते. तेवढ्यात आमचे एक सीनियर सर उठले. जरा वैतागूनच म्हणाले, "मॅडम, एकच सांगा. मुलींशी आता बोलायचं का नाही? पाठीवर शाबासकी दिली तरी टेन्शन!"

हॉलमध्ये खसखस पिकली. वकीलबाईंनी माइक खाली ठेवला.

"सर, शेजाऱ्याकडं चहाला जाता ना?"

"जातो की."

"मंग चहा झाल्यावर त्याच्या बेडरूममंदी जाऊन आडवं पडता का?"

"काहीतरीच काय!"

"कुठवर जायाचं त्याचं ट्रेनिंग घेतलं व्हतं का कुनाकडं?"

सर खाली बसले. मागचे दोघं खडबडून जागे झाले. एक शेजाऱ्याला विचारत होता, "कोण आडवं पडलं?"

*

एका मुलीनं वर्गातल्या मुलाविरुद्ध तक्रार केली. चौकशी संपेपर्यंत दोघं एका प्रॅक्टिकल बॅचमध्ये नकोत, असं ठरलं. परीक्षा विभागानं झटक्यात सोल्यूशन काढलं, 'मुलीला दुसऱ्या बॅचला टाका.' मलाही ते सोपं वाटलं. सांगायला मीच गेलो.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, झालं काम.

"सर, मी का हलू?"

"अगं, तुझ्याच सोयीसाठी..."

"माझी सोय खिडकीजवळ आहे. पहिल्या दिवशी लवकर येऊन ती जागा पकडलीय. त्याला हलवा ना!"

मुलगा हलला. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. हातात पर्स घट्ट धरलेली. "माझ्या मुलाला कशाला त्रास? अजून काही सिद्ध झालेलं नाही."

"बरोबर आहे, ताई," निशा म्हणाली. "म्हणून शिक्षा केलेली नाही. फक्त बॅच बदललीय."

बाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. पाठ आमच्याकडेच होती.

"त्या मुलीला खिडकी मिळाली ना?"

हे त्यांनी का विचारलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. निशानं फक्त "हो" म्हटलं. बाई गेल्या.

*

आमच्या कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये एक पोरगा होता. दारातून आत यायला त्याला जरा तिरकं व्हावं लागायचं! वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी कामगार, मूळचे साताऱ्याकडचे. एक दिवस हा आला आणि कपाटासमोर उभा राहिला.

"काय हरवलं रे?" मी विचारलं.

"काय नाय, सर." मग म्हणाला, "हे फक्त मुलींसाठी असतं का?"

मी पटकन काहीतरी बोलणार होतो. निशा आतून म्हणाली, "कॉलेजच्या नियमात विद्यार्थी म्हणजे विद्यार्थी. ये."

होस्टेलवरचा एक सीनियर त्याला कित्येक महिने त्रास देत होता. पोरगा पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "मॅडम, मी त्याला एका हातानं उचलून टाकला असता. पण त्या टायमाला हातच उठेना. असं कसं?"

"होतं असं," निशा म्हणाली. "भीती वाटली की शरीर गोठतं. त्याचा ताकदीशी संबंध नाही."

"म्हंजे मी भित्रा नाय?"

"नाही."

हे त्यानं दोनदा वदवून घेतलं.

तक्रार झाली, सीनियर होस्टेलमधून बाहेर गेला. पण त्याआधी वडिलांना सांगायचं होतं. ते पोराला जड जात होतं. "आप्पा काय म्हणतील?" शेवटी म्हणाला, मी बाहेर थांबतो, तुम्हीच सांगा.

आप्पा आले. डोक्यावर टोपी, खुर्चीच्या कडेला टेकलेले. निशानं सगळं सांगितलं. मी म्हटलं, आता आवाज चढणार. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम, मला हितं थोडा वेळ बसू द्या."

"बसा ना."

"पोरगं भाईर हाय. त्येच्याकडं कसल्या तोंडानं बघायचं ते ठरवतो. चुकीचं तोंड करून गेलो तर त्येच्या ध्येनात ऱ्हाईल."

बसले. पाणी प्यायले. मग टोपी घालून बाहेर गेले आणि पोराला म्हणाले, "चल, प्रॅक्टिस कधी हाय तुझी? आज बघाया येतो."

*

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. एका विभागाचे प्रमुख असलेल्या मोठ्या सरांबद्दल सांगायला आल्या. सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तक्रार नाही करायची. पुढच्या वर्षी मला घेणारच नाहीत. फक्त कुणालातरी माहीत असावं."

"मला माहीत आहे," निशा म्हणाली. "आणि तुमची परवानगी असेल तर कदम सरांनाही माहीत असू दे."

त्यानंतर मोठ्या सरांनी त्या मॅडमना केबिनमध्ये बोलावलं, की माझं नेमकं तिथेच काम निघायचं. नकाशे शोधायला, खडू मागायला, घड्याळ बरोबर आहे का बघायला! मोठे सर एकदा वैतागून म्हणाले, "कदम, भूगोलाचं डिपार्टमेंट इथे शिफ्ट झालंय का?"

मॅडमनी पुढे तक्रार केली. स्वतःहून, स्वतःच्या वेळेला. त्या अजून शिकवतात. मोठे सर आता कॉलेजात नाहीत.

*

आता हा शेवटचा.

द्रोणागिरीहून बस बदलत येणारी एक मुलगी होती. एका दुपारी दारात आली. ना बाटली, ना मैत्रीण.

"मॅडम, इथे थोडं झोपलं तर चालेल?"

निशानं सोफ्यावरच्या फायली उचलल्या. "कडी आतून लावतेस, की मी बाहेर बसू?"

"तुम्ही बाहेर बसा."

निशा खुर्ची घेऊन बाहेर बसली. मुलगी आत झोपली. दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच यायला लागली. निशा चादर, उशी घेऊन आली, आपली कामं पॅसेजमध्ये करायला लागली.

मला चैन पडेना. "काय झालंय तिला?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

"मी आहे, काही सांगावंसं वाटलं तर सांग, एवढं म्हटलंय. तिनं झोप मागितली, झोप दिली."

प्रिन्सिपल सरांच्या कानावर गेलं. सरांचा आवाज असा, की ते ऑफिसात फोनवर बोलले तर पार्किंगमध्ये कळतं. ते जिना चढून वर आले. "मॅडम, हे काय? कोण आहे? केस काय आहे? आपण रिपोर्टमध्ये काय दाखवायचं?"

निशानं ओठांवर बोट ठेवलं. प्रिन्सिपलना! मी भिंतीला चिकटलो.

सर बंद दाराकडे बघत राहिले. मग खाली गेले. थोड्या वेळानं शेजारच्या हॉलमधली युथ फेस्टिव्हलची ढोल प्रॅक्टिस बंद पडली. ढोलवाल्या पोरांना ग्राउंडच्या पलीकडे पाठवलं म्हणे.

मग एकदा निशाची लेक तापानं फणफणली. निशानं मला फोन केला, "सर, आज तुम्ही बाहेर बसाल? त्या झोपायला येणाऱ्या मुलीला मेसेज केलाय, हो म्हणाली." मी हो म्हटलं. पण माझं लेक्चर लांबलं. पोरांच्या शंका संपेनात. घड्याळ बघितलं आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळालो.

खुर्ची रिकामी नव्हती. प्रिन्सिपल सर बसले होते. गुडघ्यांवर फायली, सह्या चालू. शेजारी प्यून चहा धरून उभा, कप बशीवर वाजू नये म्हणून बोटानं दाबून धरलेला.

पॅसेजमधून दोन प्राध्यापक हसत, बोलत आले. सरांना तिथे बघून दचकलेच.

"सर, तुम्ही इथे? आत कोण आहे?"

"मला माहीत नाही," सर कुजबुजले. "हळू बोला."

मी म्हटलं, "सर, मी बसतो आता."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुढची फाईल उघडली.

बऱ्याच वेळानं आतून कडी निघाली. मुलगी बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. समोर प्रिन्सिपल बघून ती जागच्या जागी थिजली. मी पुढे होणार, तोच सर उठले. फायली गोळा केल्या, दोन पावलं मागे सरकून तिला वाट करून दिली.

"झाली झोप?"

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं.

"झाली, सर."