झाकणाच्या आतली खूण

बंद पडलेलं घड्याळ कुणीही दुरुस्तीला आणतं, त्यात काय मोठंसं. पण चालू घड्याळ घेऊन या असं गिऱ्हाइकाला बजावणारा माणूस विरळा, आणि आमचे घड्याळजी त्यातले. दर तीन वर्षांनी आणायचं म्हणजे आणायचंच. गिऱ्हाईक म्हणे, अहो, पण नीट चालतंय की! त्यावर घड्याळजी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून अशा नजरेने बघत, की त्या बिचाऱ्याला आपण कुणाचं तरी वाईट केल्यासारखं वाटे. मग भाषण सुरू. आतलं तेल सुकतं, सुकल्या तेलाने पोलाद झिजतं, आणि हे सगळं घड्याळ अगदी बरोबर वेळ दाखवत असतानाच होतं. हे भाषण चाळीस वर्षांत किती वेळा झालं ते त्यांच्या बायकोला विचारा. आतल्या खोलीत ती ते ओठ हलवून सोबत म्हणत असे.

दुकान दहा बाय आठचं, मागचं दार घरात उघडणारं. खिडकीला लागून कामाचं टेबल, आणि टेबलाला चहूकडून बोटभर उंच कड, म्हणजे सुटलेला स्क्रू जमिनीवर जायला नको. तरी एखादा जायचाच. मग सगळं घर गुडघ्यांवर रांगायचं आणि स्क्रू सापडेपर्यंत कुणी झाडू काढायचा नाही, असा त्या घरचा कायदा होता.

या धंद्यात एक जुनी रीत आहे, गिऱ्हाइकाला ती ठाऊक नसते. जो कारागीर घड्याळ उघडतो, तो मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो, तिळाएवढ्या अक्षरात. आणि आधीच्याची खूण कुणी पुसायची नाही. घड्याळजींच्या हातात एकदा असं घड्याळ आलं होतं, की त्यात अकरा खुणा होत्या. अकरा माणसं, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली, सगळी एकाच झाकणात. एरवी हा माणूस भल्याभल्यांना मोजत नाही, पण ते झाकण दाखवताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला होता.

लेक आठ वर्षं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून काम करत होती. हात बापाहून हलका, हे बाप सोडून सगळे बोलत. पण तिची खूण एकाही घड्याळात नव्हती. काम तिने केलेलं असलं तरी खूण बाबांचीच. ती सुई हातात घेऊन नुसतं बघायची, आणि ते म्हणायचे, "आत्ता नको." चिडून नाही, सवयीने. ती सुई ठेवून द्यायची.

मग पाच वर्षांपूर्वी घड्याळजींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी त्यांनी चहाला दोष दिला, मग उशीला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हे जाणार नाही, हळूहळू वाढेल. त्या दिवसापासून ते कॉम्प्युटरवर टिपणं लिहायला लागले. कोणत्या बनावटीच्या घड्याळात कुठला स्क्रू उलटा फिरतो, कुठली स्प्रिंग डोळ्यात उडते, कुठल्या कारखान्याने कुठे लबाडी केली आहे. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत, फोटो जोडत, पाच वर्षांत आठशे बारा घड्याळं. कुणासाठी, हे ते बोलले नाहीत. घरात तिघंच माणसं, त्यामुळे बोलायची गरजही नव्हती.

टिपणं ठेवायला लेकीनेच त्यांना ऑनलाइन खातं उघडून दिलं होतं, म्हणजे कॉम्प्युटर जळाला तरी टिपणं राहतील. त्या दिवशी तिने चार गोष्टी सांगितल्या होत्या. पासवर्ड लांबलचक ठेवा आणि मलासुद्धा सांगू नका. फोन नंबर बदलला तर खात्यातही बदला. कॉम्प्युटर अपडेट मागेल तेव्हा द्या. आणि हा बारा अक्षरांचा कोड, सगळी दारं बंद झाली तर यानेच उघडेल, तेही एकदाच. कागदावर लिहून कपाटात ठेवा.

घड्याळजींनी मान डोलावली आणि चारातली एक गोष्ट ऐकली, पासवर्डची. बाकीच्या तिन्हींची वाट लावली. फोन नंबर वर्षभरात बदलला, खात्याला काही कळवलं नाही. कोड कागदावर? कागदाला वाळवी लागते, शाई उडते, बायको दर सहा महिन्यांनी कपाट उपसते. त्यांनी बायकोचं जुनं मनगटी घड्याळ उघडलं आणि झाकणाच्या आत सुईने ती बारा अक्षरं कोरून टाकली. जगातली सगळ्यांत सुरक्षित जागा! घड्याळ परत खणात, आणि अळीमिळी गुपचिळी.

राहिलं अपडेट. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात ती चौकट यायची, आणि घड्याळजी खालच्या बटणावर टिचकी मारायचे, 'आत्ता नको'. पाच वर्षं. लेकीने शंभरदा सांगितलं. शेवटी एक दिवस ते वैतागून म्हणाले, चालू मशीन कशाला उघडायचं? लेकीने हातातला चिमटा खाली ठेवला आणि नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. आतल्या खोलीतून आवाज आला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." घड्याळजींचे कान लाल झाले, आणि त्यांनी मुकाट्याने 'हो' दाबलं.

पाच वर्षांचं साचलेलं काम. मशीन दोन तास घरघरत होतं, तीनदा बंद होऊन चालू झालं. शेवटी पडदा आला तो नवा करकरीत, आणि टिपणांच्या जागी एक रिकामी चौकट. पासवर्ड टाका.

आता पासवर्ड पाच वर्षांत त्यांनी एकदाही हाताने टाकला नव्हता, मशीनच लक्षात ठेवत होतं. एकदा टाकला, चुकला. दुसऱ्यांदा चुकला. थरथरत्या बोटाने सहाव्यांदा चुकल्यावर खात्याला कुलूप लागलं. ओळख पटवायला फोनवर आकडा पाठवतो म्हणालं, तो गेला जुन्या, कधीच बंद झालेल्या नंबरवर. घड्याळजी म्हणाले, झालं समाधान? हात दाखवून अवलक्षण! लेकीने शांतपणे समजावलं, की अपडेटने टिपणांना हात लावलेला नाही, ती तिकडे आहेत तशीच आहेत. फक्त दार बंद आहे, आणि तुम्ही तुम्हीच आहात हे पटल्याशिवाय ते कुणीही उघडणार नाही, उघडूही नये. पण हे सांगताना तिचाही चेहरा उतरला होता. ती टिपणं गेली, तर बाबांच्या हातातलं सगळं बाबांच्या हातासोबतच जाणार होतं.

दुपारी ती बाहेर गेलेली असताना घड्याळजींनी इंटरनेटवर एक नंबर शोधून काढला, दोन मिनिटांत खातं उघडून देतो म्हणणारा. पलीकडचा माणूस मधाळ बोलत होता. म्हणाला, एक छोटंसं काहीतरी उतरवून घ्या, म्हणजे मला तुमचा पडदा दिसेल. घड्याळजी घेणारच होते, तेवढ्यात लेक दारात. तिने आरडाओरडा केला नाही. "बाबा, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या हातात तुम्ही उघडं घड्याळ द्याल?" त्यांनी फोन खाली ठेवला.

आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. कोड! ते उठले, खण उघडला, खालचा उघडला, वरचा उघडला. बायकोला हाक मारून विचारलं, तुझं ते जुनं घड्याळ कुठंय?

"ते होय? तीन वर्षं झाली, माझ्या धाकट्या बहिणीला दिलं. तिला आवडलं होतं."

"माझी तिजोरी देऊन टाकलीस?"

"अहो, तिजोरी आहे म्हणून कधी सांगितलं होतंत का?"

मेहुणीला फोन लावला. ती म्हणाली, घड्याळ छानच आहे भावोजी, मध्ये गेल्या वर्षी बंद पडलं, तेव्हा आमच्या बसस्टँडवर एकाकडे दिलं होतं. कसं चकाचक करून दिलंय, मागून तर नवंच वाटतंय! घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. नवं वाटतंय म्हणजे एक तर झाकण घासलंय, नाहीतर बदललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने बापलेक निघाले. पाच तासांचा रस्ता. घड्याळजींच्या खिशात भिंग, झाकण उघडायची सुरी आणि एक सुई. एरवी बसमध्ये समोरच्याच्या मनगटावरचं घड्याळ बघून त्याची कुंडली सांगणारा हा माणूस, त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसला. अर्ध्या वाटेत एवढंच म्हणाले, "आठशे बारा होती." लेकीने त्यांचा थरथरणारा हात आपल्या हातात धरून ठेवला.

मेहुणीने जेवणाचं टेबल पुसून दिलं, दिवा ओढून आणला, पांढरा कागद अंथरला. घड्याळजींनी सुरी झाकणाच्या कडेला लावली. घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. मेहुणीने तोंड फिरवलं, तिला ते बघवेना. मग त्यांनी सुरी लेकीपुढे धरली. तिने अंगठ्याने जागा चाचपली, आणि टक् असा बारीक आवाज होऊन झाकण सुटलं.

घड्याळजींनी भिंग लावलं. झाकण तेच होतं, बाहेरून नुसतं पुसून लखलखीत केलेलं. पण आत त्यांची अक्षरं नव्हती. अक्षरांच्या जागी कातर चालवून नेमका गोल कापलेला बटर पेपरचा तुकडा होता, नखाएवढा, कडेला लाखेच्या एका टिपक्याने चिकटवलेला. त्यावर पेन्सिलीने मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दुरुस्तीची खूण नाही. मालकाचं असावं. झाकून ठेवलं आहे.' कागदाशेजारी, झाकणावरच सुईने कोरलेली, गेल्या वर्षीची तारीख आणि एक इवलासा त्रिकोण.

घड्याळजी किती वेळ वाकून होते कोण जाणे. लेकीने खांद्याला हात लावला तेव्हा कळलं, ते रडत होते. त्या माणसाने भिंगातून ती बारा अक्षरं बघितली असणार. दुसरा कुणी असता तर एक तास बसून त्यांचा अर्थ लावायचा चाळा केला असता, नाहीतर कुणाला गंमत म्हणून दाखवलं असतं. नाहीतर नुसतं सोडून दिलं असतं, तरी त्याला कोण विचारणार होतं? गिऱ्हाइकाला त्यातलं अक्षरही कळलं नाही. त्याने कागद कापला, लाख तापवली, पुढचा जो कुणी हे उघडेल त्याने वाचू नये म्हणून झाकलं, आणि झाकण लावून टाकलं. घड्याळजी पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिले, "बघ, काय माणूस असेल. काय माणूस असेल."

लेकीने सुरीच्या टोकाने कागदाची कड अलगद उचलली, खालची बारा अक्षरं उतरवून घेतली आणि कागद होता तसा बसवला. परतताना बसस्टँडवर ते थांबले. तिथे घड्याळवाल्यांची तीन टपरीवजा दुकानं ओळीने होती. तीन वाकलेली डोकी, तीन भिंगं. मेहुणीला आपण कुणाकडे दिलं होतं ते आठवत नव्हतं. मी असतो तर तिघांनाही विचारलं असतं, त्रिकोण कुणाचा बाबा? घड्याळजींनी विचारलं नाही. रस्त्याच्या या कडेला उभं राहून ते तिघांकडे बघत राहिले, देवळात उभं राहावं तसे, बसचा कंडक्टर ओरडेपर्यंत.

घरी आल्यावर कोड टाकला. दार उघडलं. आठशे बाराच्या आठशे बारा. बायकोने आतून चहा आणला आणि टोमणा मात्र आणला नाही, यावरून काय ते समजा. लेकीने लगेच नवा पासवर्ड, नवा फोन नंबर सगळं करून घेतलं. जुना कोड संपला होता, नवा आला. तो घड्याळजींनी दोन कागदांवर लिहिला, एक कपाटात आणि एक शिक्का लावलेल्या पाकिटात लेकीकडे. नंतर लेकीने सहज म्हणून त्यांना एक यादी उघडून दाखवली. त्या दिवशीच्या दोन तासांत काय काय बसवलं गेलं त्याची. ओळीने तारखा, एकेका तारखेपुढे एकेक बारीक दोष भरून काढल्याची नोंद. या बाजूने चोर शिरू शकला असता, बंद केलं. इथे माहिती गळत होती, बुजवलं.

घड्याळजी पडद्याजवळ सरकले, आणि खरं सांगतो, त्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

"हे कुणी केलं?"

"काय माहीत बाबा. कुठेतरी बसलेली माणसं. आपल्याला कळायच्या आधी त्यांना दोष सापडतो, ते दुरुस्त करतात आणि पाठवून देतात."

ते यादी वरून खाली वाचत गेले, मग खालून वर. पाच वर्षं कुणीतरी कुठेतरी डोळे फोडून यांच्या मशीनचं काम करत होतं, दारात येऊन उभं राहत होतं, आणि हे आतून ओरडत होते, आत्ता नको. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना जे भाषण दिलं, ते आज कुणीतरी त्यांना देत होतं, आणि किती नम्रपणे.

मेहुणीचं घड्याळ तेल घालायला म्हणून त्यांनी सोबत आणलं होतं. कोड आता निकामी झाला होता, तरी बटर पेपरचा गोल त्यांनी काढू दिला नाही. काम सगळं लेकीने केलं, ते शेजारी बसून नुसते बघत होते. झाकण लावायची वेळ आली. तिने सवयीने सुई उचलून बाबांपुढे धरली. घड्याळजींनी आपला हात टेबलाच्या कडेवरून उचलला, तो थरथरला, आणि त्यांनी तो परत खाली ठेवला.

"तू कर. तुझी."

तिने सुई आपल्याकडे वळवली. "आत्ता?"

"आत्ताच," घड्याळजी म्हणाले. "त्या त्रिकोणाच्या शेजारी जागा आहे बघ."