फिनेलमावशींचा वाफा

माझ्या धाकट्या मावशीला गल्लीत सगळे फिनेलमावशी म्हणतात. दाराची कडीसुद्धा ती रोज पुसते. अशा बाईला कोंबड्यांच्या विष्ठेत हात घालायची वेळ गाजरांनी आणली.

घरामागच्या वाफ्यातली दोन पिकं वाया गेली होती. एकेक गाजर बघवत नसे. दोन-तीन तंगड्या फुटलेलं, अंगभर मुळांचे केस आणि त्या केसांना चामखिळीसारख्या गाठी. भाजीवालीने एक चिमटीत धरलं आणि टाकून दिलं. "मावशी, हे टोपलीत ठेवलं तर गिऱ्हाईक माझे मुळेही घेणार नाही."

मावशीच्या मुलाने निकालच दिला. "तिसऱ्यांदा असंच निघालं तर तिथे सिमेंट ओतून गाडी लावणार. बिचारी उन्हात करपतेय."

शेतकी खात्याच्या बाई म्हणाल्या, मुळांत सूत्रकृमी शिरलेत, डोळ्यांना न दिसणारे. कुजलेलं कोंबडीखत आणि मोहरीची पेंड मातीत मिसळा, ओल ठेवा, महिनाभर पेरू नका.

तो महिना! पेंड आंबली आणि परसात उभं राहवेना. नाकाला रुमाल बांधून मावशी माती उलथायची, ओकारी गिळायची, मग कोपरापर्यंत साबण. "शी! तुमची ढुंगणं धुतली, पण ही घाण घासाबरोबर तोंडात येते गं."

"आई, माझी गाडी असा वास नाही मारत," मुलगा म्हणाला.

"मग तीच चिरून घाल कोशिंबिरीत!"

पेरणीनंतर तीन महिन्यांनी तिने गाजरं उपटली. सरळ, गुळगुळीत. दहा, वीस, पन्नास. आणि नळाकडच्या कोपऱ्यात पुन्हा त्याच तंगड्या, त्याच गाठी.

"नळाकडेच कशी?" मी विचारलं.

मावशीची नजर नळाखालच्या घमेल्यावर गेली; आत्ताच धुतलेल्या गाजरांचं गढूळ पाणी त्यात होतं. मागच्या पिकाची गाठाळ गाजरं तिने शेजारच्या शेळ्यांसाठी पोत्यात ठेवली होती. पेरणीच्या आठवड्यापर्यंत रोज चार काढायची, याच घमेल्यात धुऊनच द्यायची. जनावराला काय चिखल घालायचा? आणि ते गढूळ पाणी, आपली माती गटारात कशाला म्हणून, याच कोपऱ्यात ओतायची.

"म्हणजे ते कृमी मीच पाजले मातीला," ती म्हणाली. आपल्याच हातांकडे तिने असं पाहिलं, जसं त्या गाठींकडे पाहायची.

मुलगा मोजायची टेप घेऊन आला. तिने कोपरा दाखवला. "एवढ्यावर ओत सिमेंट. स्कूटर मावेल."

"आणि गाडी?"

"करपू दे."

मग नाक मुरडत तिने घमेलं उचललं आणि पाणी थेट गटारात ओतलं.