शेपटीजवळची खरखर

आज सोलापूरच्या मासळी बाजारात विक्रेत्याने बर्फातून हलवा उचलून दाखवला आणि तो खारट वास आला. वीस वर्षांपूर्वी हाच मासा इथे मासे विकणाऱ्या मालनबाईंच्या पाटीत होता.

तेव्हा मी नवा वार्ताहर होतो. गाव सोलापूरजवळचे वळसंग, समुद्राचे मासे फक्त चित्रात पाहिलेले. पापलेट पांढरे असते, एवढेच माहीत होते. म्हणून मी विचारले, "हे पापलेट काळं कसं पडलं?"

मालनबाई हसल्या. "सायेब, ह्यो हलवा हाय. काळाच असतोय की! कल्ला बघा, लालभडक हाय. शेपटीपाशी बोट फिरवा, खरखरीत लागंल. पापलेट गुळगुळीत असतंय."

हाताला वास लागेल म्हणून मी बोट फिरवले नाही. दुसऱ्या दिवशी माझी बातमी छापून आली: 'बाजारात सडलेले पापलेट'. आठवडाभरात मालनबाईंची जागा रिकामी झाली. महिन्याने कोकणातल्या एका सहकाऱ्याने चूक दाखवली. दिलगिरीच्या दोन ओळी छापता आल्या असत्या. नोकरी नवी होती; मी गप्प बसलो.

आज मी शेपटीपाशी बोट फिरवले. खरखरीत लागले.

"तुमाला लई पारख हाय की, सायेब," विक्रेता म्हणाला.