टॉर्च मारून बघायचं काम माझं होतं

फादरसमोर गुडघे टेकले तेव्हासुद्धा हे मी गिळूनच उठले. बहिणीला नाही, मुलाला नाही — कुणालाच नाही. तुम्हाला सांगतेय. थकले आता.

माझ्या नवऱ्याला, पास्कूला, रायफलीचा भारी नाद. इकडे कॅनडात, मिल्टनला घर घेतलं तेव्हा माझं लक्ष किचनकडे, त्याचं बेसमेंटकडे. पुढे खांदा दुखायला लागला, रायफलीचा धक्का सोसेना. मग तो घरीच, बेसमेंटमध्ये, मवाळ काडतुसं भरायचा, बंदुकीची दारू कमी घालून. कमी म्हणजे बिनधोक, असं मला वाटायचं. तसं नसतं हो! दारू एवढीशी, काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या पार तळाशी. चुकून दोनदा पडली तरी ओसंडत नाही, कळतच नाही. आणि मग रायफलच फुटते. म्हणून त्याचा नियम — गोळी बसवायच्या आधी दुसऱ्या माणसाने प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं. दुसरं माणूस म्हणजे मी. "रोझी, तू सुकटीतला खडा शोधतेस, तुला दारू दिसणार नाही होय?" फोन मात्र तिथे आणायचा नाही. सक्त मनाई.

दोन हजार सतराची गोष्ट. त्या सकाळी तिकडे वसईला माझ्या भाचीचं रिसेप्शन चाललेलं, बहीण व्हिडिओवर दाखवत होती. मी फोन ॲप्रनच्या खिशात घालून खाली गेले. पास्कू पुंगळ्या भरून वर वॉशरूमला गेला — आणि मी काय केलं? टॉर्च बाजूला ठेवला, फोन काढला. नवरी इतकी गोड दिसत होती... जिन्यावर पावलं वाजली, तशी फोन लपवला.

"बघितल्यास सगळ्या?"

"बघितल्या की! ओके आहेत."

इतकं सोपं होतं ते.

नेमबाजीच्या क्लबात पास्कूच्या हातातच रायफल फुटली. गॉगल होता म्हणून एक डोळा वाचला. दुसरा गेला.

पण थांबा — डोळ्यावर संपलं नाही. हॉस्पिटलात मुलगा चिडला, "डॅड, हाऊ डिड धिस हॅपन?" तर हा म्हणतो, "मम्मीने बघितल्या होत्या रे. म्हणजे तिच्यानंतर मीच पुन्हा दारू घातली असणार. मला आठवत कसं नाही?"

मी खाटेशीच उभी होते. तोंड उघडलं का? नाही.

तेव्हापासून त्याने स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाच सोडला. डॉक्टरने तपासलं, मेमरी छान आहे म्हणाला. पण ह्याचा विश्वास डॉक्टरपेक्षा माझ्यावर! गाडीची चावी मुलाला देऊन टाकली. धाकट्या नातीला एकटा सांभाळत नाही — कुठेतरी ठेवून विसरेन, म्हणतो. आणि मी? "असू दे रे, वय झालं," असं म्हणते. हो, म्हणते मी तसं, त्याच्या तोंडावर.

दारू दोनदा पडली ती त्याच्या हातून, खरंय. पण विसरला तो काहीच नव्हता. डोकं त्याचं लख्ख होतं, आजही आहे. मी बघितलंच नव्हतं.